ट्रॅक्टर चालू होता

"बूट काढून वर ठेवा सायेब," दुर्गाप्पा म्हणाला आणि माझ्या उत्तराची वाट न बघता विहिरीच्या काठावरून खाली उतरायला लागला. "माझी वहाण सकाळीच तुटली, पालावर पडलीया. तुमच्या बुटांत दोघांचं भागंल."

त्याचं शेवटचं वाक्य मला कळलं नाही. पहिलं कळलं, पण पाळता येईना. माझा डावा मोजा अंगठ्यापाशी फाटला होता. मोजे बुटांत कोंबून अनवाणी उतरावं, इतकी साधी गोष्टही त्या वेळी सुचली नाही. विहिरीला पाय लागतो म्हणून हे लोक पादत्राणं काढत असतील, असं मी मनाशी ठरवलं. कुणी बघत नव्हतं. मी बुटांसकट उतरलो.

तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. नोकरीला सहा महिने झाले होते. माणदेशातल्या नव्या विहिरी पाहायच्या, किती खोलीवर कुठला दगड लागला आणि पाणी कुठून पाझरतं ते लिहून आणायचं, असं काम होतं. दगड मी पुस्तकांत पुष्कळ पाहिले होते. माणसांशी बोलायची वेळ आली की मात्र मी आधी मनात वाक्य जुळवायचो आणि ते जुळेपर्यंत समोरचा निघून गेलेला असायचा.

त्या दिवशी एसटी उशिरा पोचली. कुरणेवाडीच्या माळावरच्या त्या विहिरीत दुर्गाप्पा आणि त्याचा मेहुणा तिमाप्पा या दोघा वडारांनी सकाळपासून तळाला अकरा भोकं पाडून सुरुंग भरून ठेवले होते. विहिरीपासून साठेक पावलांवर त्यांचा जुना ट्रॅक्टर उभा होता, मागे हवेचा कॉम्प्रेसर. दोन्ही मिळून असा आवाज करत होते की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागे. काम थांबलंय तर ट्रॅक्टर बंद का करत नाही, असं मी तिमाप्पाला विचारलं. तो म्हणाला, एकदा बंद झाला की रुसतो, मग चार माणसांनी ढकलावा लागतो. सुरुंग कसा उडवतात, तेही विचारलं. त्यानं विहिरीतून वर आलेल्या दोन जाड तारा दाखवल्या. ट्रॅक्टरची बॅटरी आणायची, ही दोन टोकं तिला लावायची. बास. मग लाल फडकं घेऊन तो गाडीवाट अडवायला निघून गेला. मळ्याचा मालक आणि बाकीची माणसं आधीच लांब बाभळीखाली जाऊन बसली होती.

दुर्गाप्पा तेवढा काठावर होता. पंचेचाळिशीचा, उघडा, डोक्याला पंचा. मी अडखळत त्याला सांगितलं की सुरुंग उडाल्यावर तळ दगडांनी भरून जाईल, मग मला काही दिसणार नाही. न बघता लिहावं लागेल.

त्यानं वाटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "न बगता कसं लिवणार? चला. पानाला चुना लावायला लागतोय तेवढाच येळ हाय."

विहीर पाच पुरुष खोल, म्हणजे तीस फुटांच्या आत-बाहेर. उतरायला दगडात कोरलेल्या खोबण्या आणि वरून सोडलेला एक जाड दोर. तळापासून आठ-दहा फुटांवर आलो तेव्हा माझ्या बुटाचा चामडी तळ ओल्या खोबणीवरून सटकला. दुसरा पाय आधार शोधत भिंतीतल्या एका दगडावर आदळला आणि तो दगड सुटला. आधीच्या सुरुंगांनी तो खिळखिळा झालेला असणार. खाली दुर्गाप्पा मला धरायला हात वर करून उभा होता. तो बाजूला झाला, पण एक पाय मागं राहिला. धान्याच्या पोत्याएवढा तो दगड भिंतीला घासत आला आणि त्याच्या डाव्या पायावर बसला.

तो ओरडला नाही. नुसता श्वास आत ओढला आणि भिंतीला टेकून खाली बसला.

मी दगड ढकलून पाहिला. हलला नाही. पहार मागितली, तर सुरुंग भरल्यावर हत्यारं वर नेतात, असं तो म्हणाला. मग त्याची नजर माझ्या पायांवर गेली.

"बूट घालून उतरलात?"

"हो."

"का?"

मी पाय मागं घेतले. त्यानं मान वर केली. वर ताटाएवढं आभाळ होतं. तो त्या आभाळाच्या कडेकडे एकटक बघत राहिला. मला वाटलं, वेदना आवरतोय.

मी वर जाऊन माणसं आणतो म्हटलं. दोन खोबण्या चढलो आणि घसरून पडलो. पुन्हा चढलो, चार खोबण्या, मग हातांतला दोर सुटला. चष्मा नाकावरून एका कानावर लोंबकळला. दोघांनी मिळून हाका मारल्या. वरच्या ट्रॅक्टरचा धडधडाट विहिरीत उतरून तिच्यात काठोकाठ भरला होता. आमच्या हाका आमच्याच अंगावर परत येत होत्या. भिंती काळ्या, ओल्या, चारी बाजूंनी सारख्याच. तिथं बसलेल्या माणसाला कुठल्या दिशेला तोंड करून बसावं, हेसुद्धा कळू नये.

तळावर अकरा ठिकाणी मातीची बुचं मारलेली होती. प्रत्येकातून दोन बारीक तारा बाहेर आल्या होत्या. सगळ्या एकमेकींना जोडत जोडत समोरच्या भिंतीपर्यंत नेल्या होत्या. तिथं छातीएवढ्या उंचीवर, दगडाच्या एका ओठावर, त्यांची दोन टोकं वरून आलेल्या दोन जाड तारांना बांधलेली होती.

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, आपण कशात उभे आहोत.

"दुर्गाप्पा, आपण इथं आहोत हे तिमाप्पाला माहीत आहे?"

त्यानं पुन्हा वर, कडेकडे पाहिलं.

"त्यानं येऊन बॅटरी लावली तर?"

त्यानं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मी पुन्हा दोर पकडला होता. मग त्यानं एक बोट वर केलं.

"ऐका. ट्रॅक्टर चालूय न्हवं?"

"चालू आहे."

"तुमी शिकल्याली माणसं. बॅटरीबिगर ट्रॅक्टर चालंल का?"

"नाही," मी म्हणालो. मोटारीला, ट्रॅक्टरला वीज लागते, वीज बॅटरीत असते. एवढ्या खात्रीनं मी आयुष्यात दुसरं काही बोललो नसेन. "नाही चालणार."

"मग? आवाज हाय तवर बॅटरी जाग्याव. आवाज बंद पडला की भ्यायचं."

मी दोर सोडला. मी त्या आवाजाला कान लावून उभा राहिलो. मघाशी ज्याचा राग येत होता तो धडधडाट आता आधारासारखा वाटायला लागला.

"पर उगं बसून तरी काय करायचं," दुर्गाप्पा म्हणाला. "त्या समोरच्या दोन गाठी सोडून टाका. मला उठता येत न्हाई. बुचावर पाय द्यायचा न्हाई. आन तार वढायची न्हाई, वढली तर भोकातली सुरुंग पेटवायची टोपी हालंल. वरची चिंधी सोडायची, मग तारंला उलटा पीळ द्यायचा. निवांत करा."

मी मातीची बुचं चुकवत पलीकडे गेलो.

"आन माझ्याकडं बगू नका. हाताकडं बगा."

मी भिंतीकडे तोंड केलं. गाठीवर कापडाची चिंधी घट्ट गुंडाळलेली होती आणि ओलाव्यानं आणखी आवळली होती. नखानं तिचं टोक शोधायला लागलो. मागून त्याचा आवाज आला, "काय काय दिसतंय भितीत, ते सांगा. त्येच्यासाठी आलाय न्हवं?"

मी सांगायला लागलो. वर मुरूम, मग एक तांबडा पट्टा, त्याच्याखाली काळा पाषाण.

"ह्ये मला ठावं हाय. मी फोडलाय त्यो. मला ठावं न्हाई ते सांगा."

चिंधीचं टोक सापडलं. हा दगड एके काळी पातळ होता, मी म्हणालो. आगीचा रस. जमिनीला भेगा पडल्या आणि त्यांतून तो बाहेर आला, वाहिला, थिजला. मग त्याच्यावर दुसरा आला. कोट्यवधी वर्षांपूर्वी.

"कुणी बगितला?"

"कुणीच नाही. तेव्हा माणूस नव्हता."

"मग लिवलं कुणी?"

मला हसू आलं. त्या विहिरीत, तसल्या वेळी, मी हसलो. दुर्गाप्पा म्हणाला, "म्हंजे आमी जल्मभर इझल्याली आग फोडत आलोय म्हना की."

चिंधी सुटली. खाली तारांचा पीळ होता, बारीक तार जाड तारेवर सात-आठ वेढे घेऊन बसलेली. दोन वेढे सोडले आणि चष्म्याच्या काचांवर घामाचा पडदा आला. मी थांबलो. खिशातून रुमाल काढला, चष्मा काढला, आधी एक काच पुसली, मग दुसरी. उजेडाकडे धरून बघितला आणि पहिली पुन्हा पुसली. माझी सवयच तशी होती.

मागं काहीच आवाज नव्हता. श्वासाचाही नाही.

"चष्मा पुसतोय," मी म्हणालो.

"पुसा, पुसा," दुर्गाप्पा म्हणाला. "घाई काय हाय."

मी चष्मा लावला आणि उरलेले वेढे सोडले. पहिली गाठ सुटली तसा मागून एवढा मोठा सुस्कारा आला, की त्यानं सांगितलेलं विसरून मी वळून पाहिलं. त्याची मान खाली गेली होती.

"पाय ठणकतोय," तो म्हणाला. "दुसरी सोडा."

दुसरी लवकर सुटली. बारीक तारा मी खाली ठेवल्या. वरून आलेल्या दोन जाड तारा भिंतीवर मोकळ्या लोंबायला लागल्या. त्या झुलत झुलत एकमेकींना लागल्या आणि चट् असा आवाज होऊन मोहरीएवढी निळी ठिणगी पडली.

"दुर्गाप्पा, ठिणगी!"

पुन्हा एकदा, चट्. थोड्या वेळानं पुन्हा.

दुर्गाप्पा त्या टोकांकडे बघत होता. बघता बघता तो हसला, नुसत्या ओठांनी. "ट्रॅक्टरच्या अंगात वीज असतीच की. झिरपती तारंतनं. लांब लांब करून ठेवा त्यास्नी."

मी एक तार एका खोबणीत अडकवली, दुसरी हातभर लांब दगडावर ठेवली. वर ट्रॅक्टर धडधडत होता. मला भीती वाटली नाही.

"आता बूट काढा," दुर्गाप्पा म्हणाला.

आता सुटका नव्हती. मी बूट काढले. डाव्या पायाचा अंगठा मोज्यातून बाहेर आला. दुर्गाप्पा अंगठ्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.

"ह्येच्यासाठी?"

"हो."

तो हसायला लागला. पाय दगडाखाली, आणि तो पोट धरून हसत होता. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यानं पंच्यानं पुसलं, तरी थांबेना. माझ्या अंगात सदरा न्हाई तरी मी लाजत न्हाई, आन तुमी अंगठ्याला लाजता, असं काहीसं म्हणाला. मग त्यानं मला त्यांची रीत सांगितली. विहिरीत उतरणारा माणूस काठावर वहाण ठेवतो. सुरुंग उडवणारा हाक मारत नाही, कारण कॉम्प्रेसरपुढं हाक ऐकू जात नाही. तो काठाला येऊन वहाणा बघतो. वहाण दिसली तर खाली माणूस आहे. नाही दिसली तर विहीर मोकळी.

मी हातातल्या बुटांकडे पाहिलं.

"फेका वर," तो म्हणाला.

मी एक बूट जोर लावून वर फेकला. तो निम्म्यावर जाऊन माघारी आला आणि एका मातीच्या बुचाशेजारी थप्पकन पडला. आम्ही दोघं त्या बुटाकडे बघत राहिलो. दुसऱ्यांदा फेकला, तो भिंतीला लागून माझ्याच खांद्यावर आला.

"द्या हिकडं. लेखणी न्हवं ती."

त्यानं नाडीचं टोक धरलं, बसल्या बसल्या बूट गोफणीसारखा गरगर फिरवला आणि सोडला. तो आभाळाच्या गोलातून बाहेर गेला. त्यानं दुसऱ्यासाठी हात पुढं केला.

"एक पुरे नाही का?"

"एक बूट दिसला तर म्हनतील कुत्र्यानं आनून टाकला. जोडी पायजे."

दुसराही गेला. आम्ही वर बघत बसलो. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मला तो फार मोठा वाटला.

मग ट्रॅक्टर बंद पडला.

विहिरीत एकदम एवढी शांतता झाली की भिंतींतून पाणी झिरपताना ऐकू यायला लागलं. आवाज बंद पडला की भ्यायचं, असं त्यानंच सांगितलं होतं. आता बॅटरी काढली. मी धावत जाऊन त्या दोन तारा आणखी लांब केल्या, एकीवर दगड ठेवला आणि दुसरी हातात घट्ट धरून भिंतीला चिकटून उभा राहिलो. दुर्गाप्पा मात्र डोळे मिटून, मान मागं टाकून बसला होता.

"आता मारा हाका," तो म्हणाला.

हाका मारायची गरज पडली नाही. गोलाच्या कडेला तिमाप्पाचं तोंड दिसलं. त्याच्या हातात माझा एक बूट होता. त्यानं आम्हाला पाहिलं आणि तो काठावर मटकन बसला. दोन्ही हातांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायला लागला. दुर्गाप्पा खालून त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला, दटावल्यासारखं. तिमाप्पा रडत होता. काय म्हणतो, असं मी विचारलं.

"उन्हानं भवळ आलीया त्येला," दुर्गाप्पा म्हणाला.

मग बाभळीखालची माणसं पहारी घेऊन आली. दगड उचलला, दुर्गाप्पाला दोरानं वर घेतलं, मागून मला. वर आलो तेव्हा तारांच्या टोकाशी, एका मोठ्या दगडाआड, बॅटरी ठेवलेली दिसली. माझा दुसरा बूट तिच्याजवळच पडला होता. तो मी पायात घातला. ट्रॅक्टर बंद झाल्यावर काढली असणार, असं मला वाटलं. खरं म्हणजे तेवढंही वाटलं नाही. बॅटरी दिसली, एवढंच.

कॉम्प्रेसर सोडून ट्रॉली जोडली. चौघांनी ढकलून ट्रॅक्टर सुरू केला, त्या चौघांत मीही होतो. दुर्गाप्पाला तालुक्याच्या गावी दवाखान्यात नेलं. नडगीची दोन्ही हाडं मोडली होती. ट्रॉलीत तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता. अर्ध्या वाटेवर डोळे उघडून म्हणाला, "हात चांगला हाय तुमचा. कापत न्हाई."

दोन दिवसांनी मी डझनभर केळी घेऊन दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेलो. आत जाऊन काय बोलायचं, ते जुळवत उभा राहिलो. जुळलं नाही. केळी फाटकावरच्या माणसाकडे देऊन परत आलो. पुन्हा कुरणेवाडीला गेलो तेव्हा त्यांचं पाल उठलं होतं. विजापूरकडं गेले, एवढंच कुणीतरी सांगितलं.

पुढं माझी नोकरी कुणाच्या लक्षात यावी अशी झाली नाही. वरिष्ठांसमोर कधी तोंड उघडलं नाही. स्वतःच्या लग्नातही मी कोपऱ्यात बसायला जागा शोधत होतो, असं बायको सांगायची. पण एखाद्या रात्री स्वतःची फार लाज वाटली, की मी ते वाक्य काढून बघायचो. हात चांगला हाय तुमचा. एका माणसानं, ज्याला हातांतलं कळत होतं, ते म्हटलं होतं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर पुतण्याकडे गेलो होतो. निवृत्त होऊन मला नऊ वर्षं झाली. मधुकर शेती करतो, त्याच्याकडे त्याच्या वडिलांच्या वेळचा ट्रॅक्टर अजून आहे. सकाळी बांधावर वाचत बसलो होतो. मधुकर नांगरत होता. ट्रॅक्टर वळण घेऊन माझ्याजवळ आला तेव्हा मला दिसलं की बॅटरी ठेवायची पेटी रिकामी आहे. दोन वायरी सुतळीनं बांधून वर अडकवल्या होत्या.

मी हात करून त्याला थांबवलं. "मधू, बॅटरी कुठं आहे?"

"तालुक्याला दिलीय काका, चार्जिंगला. उद्या मिळेल."

"मग हा चालू कसा?"

तो हसला. ट्रॅक्टर चालूच ठेवून खाली उतरला आणि लहान मुलाला सांगावं तसं त्यानं मला समजावून सांगितलं. डिझेलला ठिणगी लागत नाही. आत हवा एवढी दाबली जाते की ती तापते आणि डिझेल आपोआप पेटतं. बॅटरी फक्त सुरू करायला आणि दिव्यांना. उतारावर ढकलून सुरू केला तर तीही नको. एकदा धडधडायला लागला की बॅटरी काढून घरी न्या, हा दिवसभर चालेल. बंद करायचा तर ही दांडी ओढायची, म्हणजे डिझेल तुटतं. "नव्या गाड्यांचं वेगळं. हे जुनं इंजिन असंच. ट्रॅक्टर चालवणाऱ्या कुणालाही विचारा."

"कुणालाही?"

"शेंबड्या पोरालापण ठाऊक असतं, काका."

मी पुस्तक मिटलं. खूण घालायची राहिली.

मला आधी तो रुमाल दिसला. एक काच, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. पुसा, पुसा, घाई काय हाय. मग चट्, चट्, चट्. आणि साठ पावलांवर कॉम्प्रेसर धडधडत असताना दगडाआड बसून तारा बॅटरीला पुन्हा पुन्हा लावणारा, काठावर एकही वहाण नाही हे नीट पाहून आलेला तिमाप्पा.

सुरुवातीला दुर्गाप्पा माझ्याशी खोटं बोलला नव्हता. त्यानं मला प्रश्न विचारला होता. उत्तर मीच दिलं होतं.

माझ्याकडं बगू नका, असं तो म्हणाला होता आणि मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो होतो. त्यामुळं तेवढ्या वेळातला त्याचा चेहरा मी पाहिलेलाच नाही. बेचाळीस वर्षांनी तो मला दिसायला लागला.

मधुकर माझ्याकडे वाकून बघत होता. ऊन लागलं का, पाणी आणू का, असं विचारत होता. मी मान हलवली. माझे हात कापत होते, ते मी पुस्तकाखाली घेतले.

"आवाजाचा त्रास होतोय का काका? बंद करू ट्रॅक्टर?"

"नको," मी म्हणालो. "थोडा वेळ चालू दे."